कोण कोणास म्हणाले

मार्च लागला की वलवणच्या धरणावरून येणारं वारं कोरडं होतं आणि मला सगळ्यांचा संशय यायला लागतो. एरवी मी बऱ्यापैकी भोळी बाई आहे. भाजीवाला 'आजच तोडलीय ताई' म्हणाला की मान डोलावते आणि घरी येऊन पिवळी पानं निवडत बसते. पण लोणावळ्याची गर्दी ओसरते, काटेसावरीची जाड लाल फुलं रस्त्यावर पडून टायरांखाली जातात, शाळेच्या पोरी लिहायचा पॅड छातीशी धरून घाईने चालताना दिसतात, आणि माझ्या डोक्यात कुणीतरी लाल पेनाचं टोपण काढून बसतं. मग कुणीही काहीही सांगितलं की ते विचारतं, हे कोण म्हणालं? कुणाला म्हणालं? आणि त्याच्या पुढचं वाक्य काय होतं?

हा आजार मला लागला तो मी मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला बसले त्या वर्षी. वय सांगत नाही, पण पहिल्या रविवारी वर्गात शिरले तर मुलं उठून उभी राहिली. त्यांना मी शिकवायला आलेली बाई वाटले. आणि मीही 'बसा, बसा' म्हणाले. मग सर आले, माझ्या भाच्याच्या वयाचे, आणि मला शेवटच्या बाकावर जाऊन बसावं लागलं. मागून मुलांचे कान लाल झालेले दिसत होते. हसू दाबल्यामुळे असावेत. किंवा वारं लागून. त्या दिवसापासून दोन्ही शक्यता लक्षात घ्यायची सवय लागली.

आमच्या शाळेत निबंधात सुविचार घालायची पद्धत होती. पोह्यांवर खोबरं भुरभुरतात तसे. पोहे कसेही असोत, वर खोबरं दिसलं पाहिजे. 'श्रमाचे महत्त्व' असो की 'माझा आवडता प्राणी', पाठ केलेली तीच वाक्यं दोन्हीकडं चालायची आणि बाई शेजारी बरोबरची खूण करायच्या. त्यामुळे सरांनी जेव्हा सांगितलं, की साहित्यावर लिहिताना आधी आपलं विधान करा आणि मग त्याला मूळ पुस्तकातल्या अवतरणांचा आधार द्या, तेव्हा मला वाटलं, यात काय, आपला हातखंडा आहे.

अभ्यासाला एक कादंबरी होती. तिच्यातल्या विधवा सुनेचं पुढं काय करायचं ते सगळं घर ठरवत असतं, आणि ती बाई मात्र पुस्तकभर जवळजवळ गप्प. मी विधान केलं, 'नायिकेचे मौन म्हणजे तिची संमती नव्हे.' वाक्य लिहून झाल्यावर मी ते स्वयंपाकघरात मोठ्यांदा वाचून पाहिलं. कुकरसुद्धा थांबल्यासारखा वाटला. मग पुस्तकातून वाक्यं वेचून त्याच्याखाली मांडली. पानभर अवतरणचिन्हं. लांबून बघितलं तर कागदावर मुंग्या लागल्यासारखं दिसत होतं.

पुढच्या रविवारी कागद परत आला. प्रत्येक अवतरणाशेजारी लाल शाईनं काहीतरी होतं. 'हे तिच्या दिराचे.' 'हे शेजारणीचे.' 'हे लेखकाचे.' आणि खाली, 'ताई, तिच्याबद्दल सगळे बोलले. तिचे स्वतःचे काय?'

"सर, पण ती बोलतच नाही," मी म्हणाले.

"मग ती काय करते ते बघा. लेखक पात्राच्या हाताला उगाच काम देत नाही." ते जरा घुटमळले आणि माझ्या एका अवतरणावर बोट ठेवून म्हणाले, "आणि ही तीन टिंबं कशाला दिलीत?"

"वाक्य लांब होतं म्हणून मधलं गाळलं."

"मधलं काय होतं?"

मधलं माझ्या विधानाच्या बरोबर उलट होतं. सर हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, "जिथं टिंबं दिसतील तिथं थांबत जा." आणि या वेळी शेवटच्या बाकावर माझ्याच कानांना वारं लागलं.

घरी आले आणि बघते तर जिकडंतिकडं टिंबं. नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर थोरांची वचनं येतात. एकच वचन मंगळवारी एका थोरांचं असतं आणि शुक्रवारी दुसऱ्यांचं. आमचे हे रेल्वेत आहेत. ते रोज संध्याकाळी चहा घेताना 'साहेब म्हणाले' अशी सुरुवात करतात, आणि साहेब जे म्हणाले ते नेमकं यांच्या मनातलं असतं. इतकी वर्षं मी साहेबांचं कौतुक करत होते. आता विचारायला लागले, "अहो, साहेब हे तुम्हाला म्हणाले, की तुम्ही साहेबांना?" यांनी बशीतला चहा संपवला आणि काहीतरी शोधायला उठून गेले.

शाळेत आम्हाला एक प्रश्न असायचा, 'कोण कोणास म्हणाले?' उत्तरं पाठ करून सोप्पे गुण मिळायचे. तो पेपरातला सगळ्यात अवघड प्रश्न होता हे कळायला मला चाळिशी उलटून जावी लागली.

त्याच दिवसांत आत्यांचा विषय निघाला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासरे, म्हणजे आबा, गेल्यापासून त्या पवनानगरच्या अलीकडं आमच्या गावात एकट्या राहतात. पत्र्याचं घर, मागं आंबा, खाली पाण्याच्या अंगाला भाताचं खाचर. माझे दीर दत्ताभाऊजी नवलाख उंबऱ्याकडं कारखान्यात लागल्यापासून तळेगावात राहतात. तर प्रश्न एवढाच होता, की आत्या गावात राहणार, की घराला कुलूप लावून आमच्या वलवणच्या दोन खोल्यांत येणार. खाचराच्या जागेवर भाऊजींना तंबू लावायचे होते. तिकडच्या धरणाच्या काठानं सगळीकडं लागलेतच. पुण्या-मुंबईची मंडळी येतात, शेकोटी करतात, गाणी लावतात आणि सकाळी पोहे खाऊन जातात. त्यात वाईट काही नाही. पण तंबू आणि भात एका खाचरात मावत नाहीत, आणि आत्या तिथं असेपर्यंत भात राहणार हे भाऊजींना ठाऊक होतं.

फोनवर ते म्हणाले, "वहिनी, आईची काय बी हरकत न्हाई. ती सवताच म्हणाली, मला काय, कुटंबी चालंल."

माझ्या डोक्यातलं लाल पेन ताडकन उभं राहिलं. हे वाक्य मी ऐकलेलं होतं. मी तिथं होते! कामशेतला लग्नाला निघालो होतो, जीप खचाखच भरलेली, आणि ड्रायव्हर आत्यांना विचारत होता, "मावशी, म्होरं बसताय का मागं?" त्यावर आत्या म्हणाल्या होत्या, "मला काय, कुटंबी चालंल." भाऊजी शेजारीच उभे होते. जीपमधल्या जागेबद्दलचं वाक्य त्यांनी उचललं आणि थेट उरलेल्या आयुष्याला लावलं.

मी हे यांना सांगितलं. यांनी लगेच दुसरं अवतरण काढलं. "आबा म्हणायचे, उतारवयात माणसानं लेकरांपाशी असावं."

"कुणाला म्हणायचे?"

"कुणाला म्हणजे? सगळ्यांना."

"आणि स्वतः आबा किती वेळा लोणावळ्यात राहिले?"

आबा एकदा आले होते. संध्याकाळी धुकं खिडकीतून आत आलं तेव्हा म्हणाले, ढगात राहायला मी काय विमानवाला हाय का, आणि शेवटच्या गाडीनं परत गेले. हेही अवतरणच. पण ते कुणी काढत नव्हतं. मेलेल्या माणसाचं बरं असतं, त्याच्या तोंडी हवं ते घालता येतं. तो उठून 'पुढचं वाक्य सांग की' असं म्हणत नाही. कादंबरीतल्या त्या सुनेचंही तसंच झालं होतं. तिच्यासाठी बोलणाऱ्यांची रांग लागली होती.

गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं गावाला गेलो. वर्ग बुडवला. डोंगर करपलेले, मध्ये मध्ये वणव्याचे काळे पट्टे, धरणाचं पाणी आत सरकून काठाला तडे गेलेला चिखल उघडा पडलेला. मावळातली ही ओकीबोकी दशा फिरायला येणाऱ्यांना माहीत नसते. ते हिरवं असताना येतात. मला मात्र हीच खरी वाटते. हिरव्याच्या खाली काय आहे ते या दिवसांत दिसतं.

घरी आत्या नव्हत्या. खाचराच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं दरवर्षी भाताचं रोप टाकतात, तिथं वाकून काहीतरी करत होत्या. जवळ गेले तर राब रचून झालेला. शेण पसरलेलं, त्यावर तोडलेल्या फांद्यांचा वाळका पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर आत्या मुठीमुठीनं माती भुरभुरत होत्या. एकदा वारं बघून हे एका कडेनं पेटवायचं, हळूहळू भाजू द्यायचं, की तण मरतं, माती मऊ होते आणि जूनमध्ये तिथं बी पडतं. आमच्याकडं सगळेच करतात. नवीन काहीच नाही. पण मी तिथं बांधावर उभी राहून टाळीच वाजवली असती. मौनाचं अवतरण! जी बाई मार्चात राब रचते ती जूनमध्ये कुठं असणार? सर म्हणाले होते, हाताला उगाच काम नसतं.

मी स्वतःवर इतकी खूश होते, की एक साधी गोष्ट केली नाही. समोर उभ्या असलेल्या आत्यांना काही विचारलं नाही. नुसतं "लय ऊन आहे, आत्या" म्हणाले आणि पुरावा घेऊन घराकडं आले.

भाऊजी आले. आत्या चुलीपाशी भाकरी टाकत होत्या, आम्ही तिघं ओसरीत. भाऊजींनी पुन्हा तेच वाक्य काढलं. मी जीपची गोष्ट सांगितली.

"मंग काय झालं?" भाऊजी म्हणाले. "माणूस जीपमंदी बोलला म्हंजी खोटं बोलला का?"

"खोटं नाही. पण ते त्या जीपबद्दल बोलल्या होत्या."

"वहिनी, परीक्षा तुमची हाय, माझी न्हाई."

"आणि खाचरात तो राब रचलाय तो कशाला? बघितला का तुम्ही?"

"दरसालची सवय हाय तिला. आबा गेले त्या सालीबी बाराव्याला पाला गोळा करत हुती. त्यात काय बघायचं?"

इथं मी अडखळले. कारण हे खरं होतं. मी ज्याला निर्णय म्हणत होते ती नुसती सवयही असू शकत होती. एकच गोष्ट दोन्ही विधानांखाली बसत होती, आणि दोन्हीकडं तितकीच शोभत होती, अगदी शाळेतल्या सुविचारासारखी.

तेवढ्यात आमचे हे, जे इतका वेळ दाराच्या चौकटीचं निरीक्षण करत होते, हळूच म्हणाले, "तुला आई आपल्याकडं यायलाच नकोय. म्हणून सापडतायत तुला पुरावे."

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज येत होता. मी म्हणणार होते की हे तुम्ही कशावरून म्हणता, आधार काय, संदर्भ काय. पण दोनच खोल्या होत्या, त्यातल्या एकीत माझा अभ्यास पसरलेला होता, आणि परीक्षा मेमध्ये होती. त्या गावात राहाव्यात हे मला न्याय्य वाटत होतं की सोयीचं, हे मला तरी कुठं नक्की सांगता येत होतं? सोयीच्या विधानाला आधार फार पटकन मिळतो. दत्ताभाऊजींना मिळाला तसाच मलाही.

थापायचा आवाज थांबला. आत्या पिठाचे हात घेऊन ओसरीत आल्या. आधी भाऊजींकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि रागवायला त्यांनी मलाच निवडलं.

"सुमन, माझ्या बाजूनं बोल म्हून तुला म्या सांगितलंतं व्हय?"

"नाही, आत्या."

"मंग?"

आत्या आता तिघांकडं वळल्या.

"ह्यो म्हणतो मला कुटंबी चालंल. तू म्हणतीस मी हितनं हालत न्हाई. आन् ह्यो थोरला, ह्यो तर मेलेल्या माणसाला उठवून बोलाया लावतोय. आरं, मी चुलीपशी हाय. हळू बोलला तरी ऐकू येतं. कुणी म्हणलं का, आई तुला काय पायजे?"

कुणी म्हणालं नव्हतं. यांनी घसा साफ करून विचारलं, "मग आई, तुला काय पाहिजे?"

"आता इचारतोय," आत्या म्हणाल्या आणि खांबाला टेकून बसल्या. पिठाचे हात गुडघ्यांवर उलटे ठेवले, लुगड्याला लागू नये म्हणून. "राब भाजला का हितं दोन म्हैनं काय बी काम नस्तं. ऊन लय. पाण्याला लांब जावं लागतं. तवर मी लोनावळ्याला येते की. मला हौस हाय. पर पेराया मी हितं. लावणी झाली, भात निघालं, का मंग दत्त्या, लाव तुजं तंबू. थंडीत माणसं येत्याती, तवा माज्या खाचरात काय नस्तंय. आधी न्हाई."

तंबूंचा धंदा थंडीतच जास्त चालतो हे भाऊजींना माहीत होतं. आत्यांनाही माहीत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"आन् तुला," आत्या माझ्याकडं वळल्या, "दिवाळीत मी इचारलंतं. तुमच्या जिन्याला कठडा हाय का म्हून. आठवतं का?"

आठवत होतं. मी म्हणाले होते, कठडा आहे आत्या, पण पायऱ्या फार उंच आहेत. मला वाटलं होतं, त्यांना जिन्याची भीती वाटते. तो प्रश्न यायच्या इच्छेचाही असू शकतो हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आत्यांच्या बोलण्यातून मी सगळं वेचलं होतं, हे एक सोडून. माझी तीन टिंबं नेमकी तिथं पडली होती.

"मला वाटलं..." मी सुरुवात केली.

"ते तुजं तुला वाटलं," आत्या म्हणाल्या आणि भाकरी करपायला लागली म्हणून उठल्या.

राब भाजून झाल्यावर त्या खरंच आल्या. जिना चढताना कठड्याला हात लावला नाही. दोन महिने राहिल्या. माझ्या अभ्यासाच्या खोलीत, माझ्या पुस्तकांशेजारी, त्यांच्या लसणाच्या पाकळ्या सोललेल्या असत. खिडकीतून त्यांना रेल्वेचे डबे मोजायला आवडायचं आणि आकडा चुकला की पुढच्या गाडीपर्यंत हळहळ चालायची. परीक्षेचा अभ्यास म्हणून मी कादंबरी मोठ्यांदा वाचायचे. त्या ऐकत आहेत की डुलक्या घेतायत याचा संशय यायचा, म्हणून मध्येच थांबून बघायचे, तर डोळे मिटलेलेच असायचे आणि हात म्हणायचा, चालू दे.

पेपरात प्रश्न आलाच. मी लिहिलं, की या बाईचं मौन संमती आहे की नकार हे मला पुस्तकातून सिद्ध करता येत नाही. पुस्तकात तिला कुणी प्रश्न विचारल्याचं एकही वाक्य सापडत नाही, आणि म्हणून मी तिच्या वतीने उत्तर देणार नाही. त्याखाली अवतरणं दिली. कमी दिली, पण टिंबं न घालता पूर्ण दिली, कोण कोणास म्हणाले ते लिहून. गुण बरे पडले. फार नाही. तपासणाऱ्याला विधान ठाम नाही असं वाटलं असावं. किंवा अक्षर वाचता आलं नसावं. दोन्ही शक्यता आहेत.

यंदाही वारं कोरडं झालंय. समोरच्या डोंगराआडून धूर वर येतोय. वणवा आहे की कुणाचा राब हे इथून कळत नाही, आणि आता मी तसं ठरवतही नाही. काल दुपारी मी पंख्याखाली बसून पुढच्या परीक्षेचं पुस्तक चाळत होते, तर फोन वाजला. दत्ताभाऊजी, गावाहून. रविवार म्हणून आईकडं आलेले.

"वहिनी, आई म्हणती, का ह्या साली..."

"भाऊजी, थांबा. फोन आत्यांकडं द्या."

"आवो, मी सांगतो की. तिला फोनवर नीट ऐकाया येत न्हाई."

"द्या तरी."

पलीकडं खडखड झाली, एक कोंबडी ओरडली, मग आत्यांचा आवाज आला, फोनवर विश्वास नसलेल्या माणसाचा, सरळ डोंगर ओलांडून पोचावा इतका मोठा.

"सुमन! मी आजून काय बी म्हणलेली न्हाई! ह्योच म्हणतोय समदं!"

"मग आता म्हणा की," मी म्हणाले, आणि नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला.